ओळखपत्र : दाखवायचे की तपासायचे?

केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीपायी देशातील नागरिकांनी सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटींचा होता. नुकसान वर्षभरात तिपटीवर जाते, तेव्हा त्याचा सारा दोष लोकांच्या भोळेपणावर ढकलून चालत नाही. लोक एका वर्षात तिपटीने भोळे झाले, असे कोणी म्हणणार नाही. या रकमेत फसवणुकीचे नाना प्रकार आहेत. काहींत माणूस लोभाला किंवा भीतीला बळी पडून स्वतःच्या हाताने पैसे पाठवितो. परंतु एक प्रकार वेगळा आहे. त्यात पैसे खातेदार देत नाही, बँक देते. आणि खातेदाराच्या नावाने ती ते भलत्याच माणसाला देते. तिजोरी फुटत नाही, कुलूप तुटत नाही. पलीकडचा माणूस तोच आहे अशी यंत्राची समजूत होते, एवढेच. हा प्रश्न मुळात चोरीचा नसून ओळख पटविण्याचा आहे, आणि त्याचा विचारही त्याच अंगाने व्हायला हवा.

तीन प्रकारचे पुरावे

माणसाची ओळख पटविण्याचे मार्ग तीनच आहेत. एक, त्याला ठाऊक असलेली गोष्ट : सांकेतिक शब्द किंवा पिन. दोन, त्याच्याजवळ असलेली वस्तू : किल्ली, शिक्का किंवा कार्ड. तीन, त्याच्या देहाची खूण : अंगठा, चेहरा, डोळ्यांतील बुबुळ. यांपैकी किमान दोन, आणि तेही भिन्न जातीचे पुरावे एकत्र मागणे याला बहुघटक पडताळणी म्हणतात. एकाच खुणेवर विसंबू नये, हा व्यवहार आपल्याकडे जुनाच आहे. मराठेशाहीतील कागदाच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब होत असे, म्हणजे मागाहून कोणास त्यात ओळ घुसडता येऊ नये. 'शिक्कामोर्तब' हा रोजच्या वापरातला शब्द त्या दुहेरी खबरदारीचीच आठवण आहे.

आधुनिक व्यवहारात रिझर्व्ह बँकेने हे तत्त्व तसे लवकर ओळखले. फेब्रुवारी २००९ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने, कार्ड प्रत्यक्ष पुढे न करता इंटरनेटवरून होणाऱ्या व्यवहारांसाठी, कार्डावर न दिसणाऱ्या माहितीवर आधारलेला आणखी एक पुरावा १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचा झाला. अनेक प्रगत देशांच्या आधी आपण हे पाऊल टाकले. पुढे या जादा पुराव्याची जागा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली. तो स्वस्त होता, सोपा होता आणि मोबाइल घरोघर पोहोचत होता. दीड दशकभर या सहा आकड्यांवर देशाचा आर्थिक व्यवहार चालला, आणि बराच काळ ठीक चालला, हे मान्य केले पाहिजे.

दोष कोठे आहे ते आता दिसू लागले आहे. ओटीपी हा 'जवळच्या वस्तूचा' पुरावा मानला जातो; मोबाइल ज्याच्या हाती, तोच खातेदार, असा त्यामागचा हिशेब आहे. पण बँकेकडे मोबाइल पोहोचत नाही, पोहोचतात ते आकडे. आणि आकडे सांगता येतात. जे सांगता येते, ते गोड बोलून किंवा दटावून काढूनही घेता येते. दुसरे असे की, बँकेचे अॅप ज्या मोबाइलमध्ये, ओटीपीही त्याच मोबाइलमध्ये. एखादे घातकी अॅप आत शिरले की दोन्ही पुरावे एकदम परक्याच्या हाती जातात. दारास कुलपे दोन लावावीत आणि दोहोंच्या किल्ल्या एकाच खिळ्यास टांगाव्यात, तशातलाच हा प्रकार. तिसरे, सिम हरवल्याची बतावणी करून दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिम मिळविणे. हा प्रकार इतका वाढला की, नवे सिम घेतल्यावर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाला १ जुलै २०२४ पासून लागू करावा लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तर २०१७ मध्येच दूरध्वनीवरून येणाऱ्या अशा संकेतांना 'मर्यादित' पुराव्याच्या वर्गात टाकले होते.

घाऊक आणि किरकोळ

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर फसवणूक हाही एक धंदा आहे आणि त्यालाही उत्पादनखर्च असतो. चोरलेल्या आकड्यांची प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. एक लाख लोकांचे क्रमांक, जन्मतारखा आणि सांकेतिक शब्द हजार मैलांवर बसलेल्या माणसास एका रात्रीत उचलता येतात. तेच एक लाख कार्डे चोरायची झाल्यास एक लाख खिशांत हात घालावे लागतील, आणि त्यासाठी त्या त्या गावी माणूस पाठवावा लागेल. आकड्यांची चोरी घाऊक होते. वस्तूची चोरी किरकोळ राहते. शिवाय आकडे चोरीस गेल्याचे मालकाला कळतच नाही, कारण ते त्याच्यापाशीही तसेच राहतात. कार्ड नाहीसे झाले तर मात्र संध्याकाळपर्यंत लक्षात येते आणि ते रद्द करता येते.

ओळखपत्राची खरी उपयुक्तता येथे आहे. कार्डामुळे चोरी अशक्य होत नाही. ती महाग, संथ आणि स्थानिक होते. चोराचा नफा त्यामुळे आटतो, आणि फसवणुकीच्या धंद्यावर एवढा परिणाम करणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल. अर्थात नुसते कार्ड हाही एकच पुरावा आहे. पाच हजार रुपयांपर्यंतचे व्यवहार कार्ड यंत्राजवळ धरून, पिनशिवाय होऊ शकतात. तेथे सापडलेले कार्ड चोरालाही चालते. म्हणून वस्तूच्या जोडीला मनातला पिन किंवा देहाची खूण हवीच.

झेरॉक्सचा देश

मात्र कार्ड वस्तू म्हणून उपयोगी पडायचे, तर ते तपासले गेले पाहिजे. नुसते पाहिले जाऊन भागत नाही. आपल्याकडील व्यवहाराची खरी गोम ही आहे. शाळेचा प्रवेश असो, बँकेतील खाते असो, भाड्याची खोली असो की लॉजमधील एका रात्रीचा मुक्काम, सर्वत्र ओळखपत्राची 'झेरॉक्स' मागितली जाते. त्यावर अर्जदाराने स्वतःच सही ठोकली की ती 'साक्षांकित' होते. कोणत्याही कचेरीच्या कपाटात अशा प्रतींचे गठ्ठे सापडतील. त्या प्रतीने कोणाची ओळख पटते? ज्याच्याजवळ प्रत आहे, त्याच्याजवळ मूळ कार्ड आहे असेही तीवरून सिद्ध होत नाही. उलट क्रमांक, पत्ता, जन्मतारीख आणि छायाचित्र मात्र परक्या हातांत कायमचे जाऊन पडते. ओळखपत्राची प्रत काढली की वस्तूचे पुन्हा आकडे होतात, आणि घाऊक चोरीला माल मिळतो.

बँकांचीही तऱ्हा फारशी वेगळी नाही. मोबाइलवरून पैसे पाठविण्यासाठी यूपीआयचा पिन डेबिट कार्डाच्या आधारे ठरविताना, कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि त्याची मुदत विचारली जाते. म्हणजे कार्डाची आठवण होते, पण ते हाती घेतले जात नाही. त्यावर छापलेला मजकूर तेवढा विचारला जातो. तो मजकूर कार्डाच्या छायाचित्रावरूनही वाचता येतो.

येथे छापील खूण आणि चिप यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०२० पासून मिळू लागलेल्या प्लास्टिकच्या आधार कार्डावर सांकेतिक चौकट, म्हणजे क्यूआर कोड असतो. त्यातील मजकुरावर प्राधिकरणाची डिजिटल सही असल्यामुळे तो खरा आहे की बनावट, हे यंत्राला सांगता येते. पण त्या चौकटीची छायाप्रतही तितकीच खरी ठरते. मजकूर अस्सल असल्याचा तो पुरावा आहे. कार्ड समोर असल्याचा नव्हे. चिपचे तसे नाही. चिपच्या पोटात एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीही बाहेर येत नाही. यंत्र दर वेळी नवा प्रश्न टाकते, चिप त्या किल्लीने त्याचे उत्तर तयार करते. आजचे उत्तर उद्या चालत नाही. ते फोनवरून सांगता येत नाही, त्याची झेरॉक्स निघत नाही. जुन्या कारभारात शिक्क्याचा ठसा सर्वांना दिसे आणि शिक्का मात्र अधिकाऱ्याच्या कमरेला असे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की या ठशावरून शिक्का कोरून काढता येत नाही.

क्रमांक झाला, कार्ड राहिले

असे कार्ड काढण्याचा विचार आपल्याकडे झाला नव्हता असे नाही. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राची शिफारस केली. २००३ पासून निवडक भागांत त्याचा प्रायोगिक प्रकल्प चालला आणि मार्च २००९ मध्ये तो संपला. त्याच वर्षीच्या जानेवारीत विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना झाली होती. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. नव्या योजनेने कार्डाऐवजी क्रमांक पसंत केला आणि पडताळणीचा भार अंगठ्यावर व दूरच्या संगणकावर टाकला.

या निवडीमागे तर्क होता. चिपचे कार्ड खर्चिक असते, हरवते, झिजते. आणि योजनेचा पहिला हेतू एका माणसास दोन नावे मिळू नयेत हा होता. तेवढ्यापुरता क्रमांक पुरेसा ठरला. परंतु 'हा माणूस नोंदवहीत एकदाच आहे ना' हा एक प्रश्न झाला, आणि 'समोर उभा असलेला माणूस तोच आहे ना' हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी तयार केलेले साधन दुसऱ्यासाठी सरसकट वापरले जाऊ लागले, तेथे गडबड झाली.

खेडोपाडी बँक मित्राकडे आधारच्या साहाय्याने पैसे काढण्याची जी सोय आहे, तिच्यात हे स्पष्ट दिसते. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे हाती पडतात. क्रमांक शेकडो झेरॉक्स प्रतींवर असतो आणि बँकेचे नाव गुप्त नसते. म्हणजे उरला एकच पुरावा, बोटाचा ठसा. काही राज्यांत नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांवरून कृत्रिम ठसे बनवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे उघडकीस आले. बोट जिवंत आहे की बनावट हे ओळखणारी नवी पद्धत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये लागू केली. आपला ठसा 'कुलूपबंद' करून ठेवण्याची सोयही आहे. हे उपाय योग्यच आहेत. पण मूळ अडचण त्यांनी मिटत नाही. कार्ड चोरीला गेले तर नवे देता येते, पिन फुटला तर बदलता येतो. अंगठा मात्र जन्माचा एकच असतो.

एस्टोनियाचा धडा

बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया या सुमारे तेरा लाख वस्तीच्या देशाने दुसरा मार्ग धरला. तेथे २००२ पासून चिप असलेले राष्ट्रीय ओळखपत्र दिले जाते. चिपमध्ये दोन किल्ल्या असतात : एक ओळख पटविण्यासाठी आणि दुसरी कायदेशीर सहीसाठी. प्रत्येकीचा पिन वेगळा. बँक, करभरणा, औषधाची चिठ्ठी अशा नाना कामांत हे कार्ड चालते. २००५ पासून त्याच्या आधारे मतदानही होते.

२०१७ मध्ये संशोधकांना त्या चिपच्या किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीत दोष आढळला. साडेसात लाखांच्या आसपास कार्डे संशयाच्या छायेत आली. सरकारने ही गोष्ट लपविली नाही. ती सप्टेंबरमध्ये जाहीर केली, ३ नोव्हेंबर २०१७ रोजी त्या कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित केली आणि दूरस्थ पद्धतीने नव्या किल्ल्या बसविण्याची सोय केली. या प्रसंगावरून कार्डही अभेद्य नाही, हे सिद्ध झाले. त्याचबरोबर दोष आढळल्यास कार्ड दुरुस्त करता येते, हेही सिद्ध झाले. साडेसात लाख लोकांची बोटे स्थगित करण्याची सोय मात्र कोणत्याही सरकारपाशी नाही.

जर्मनीचा अनुभव उलट आहे. तेथे २०१० मध्ये चिपचे ओळखपत्र आले, पण ते चालेल अशी कामे थोडी आणि वाचणारी यंत्रे कमी. साहजिकच कार्ड खिशात राहिले आणि वर्षानुवर्षे फार थोड्यांनी त्याचा इंटरनेटवर उपयोग केला. कार्ड वाटणे हा अर्धाच खर्च असतो. ते तपासणाऱ्या यंत्रांची व्यवस्था हा दुसरा अर्धा.

कार्डाच्या मर्यादा

कार्डाचा कैवार घेताना त्याच्या मर्यादा विसरता कामा नये. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानांत चिप आणि पिन यांचा वापर रूढ झाल्यावर बनावट कार्डांचा उपद्रव तेथे घटला. पण फसवणूक जेथे कार्ड पुढे करावे लागत नाही, अशा दूरध्वनी आणि इंटरनेटवरील खरेदीकडे सरकली. एक खिडकी बंद केली की चोर दुसरी शोधतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये पडलेला सुमारे ९४ कोटी रुपयांचा दरोडाही येथे आठवावा. बनावट कार्डांनी अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. पण कार्डे बनावट होती एवढेच त्याचे कारण नव्हते. व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच बाजूस सारून तिच्या जागी खोटी यंत्रणा उभी केली गेली होती. पहारेकरीच बदलला, तर पास तपासून उपयोग काय?

'डिजिटल अरेस्ट'च्या बतावणीत भेदरलेला वृद्ध स्वतःच कार्ड पुढे करील, पिन दाबील. तेथे ओळख पटण्यात चूक झालेली नसतेच. त्यासाठी मोठ्या रकमेला काही तासांचा विलंब, बँकेतील जागरूक कर्मचारी आणि १९३० या मदत क्रमांकावर वेळीच केलेली तक्रार, हे उपाय वेगळे आहेत.

आणि कार्ड नाही म्हणून धान्य नाही, पेन्शन नाही, असे होता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारचा कायदा मुख्यतः वैध ठरविला. पण बँक खात्यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. सोयीचे साधन सर्वत्र सक्तीचे करू नये, हा त्यातील बोध नव्या कार्डालाही लागू आहे.

नुकसान कोणाचे?

कोणती पडताळणी वापरायची हे बँक ठरविते. ती फसली तर तोटा मात्र पुष्कळदा खातेदाराच्या गळ्यात पडतो. निर्णय एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा असे असेल, तेथे सुधारणा संथ होते, हा अर्थशास्त्रातील साधा सिद्धांत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत बँकेचा वा खातेदाराचा दोष नसेल आणि बँकेला तीन कामकाजी दिवसांत कळविले असेल, तर खातेदारावर भार पडत नाही. पण खातेदाराच्या 'निष्काळजीपणा'मुळे नुकसान झाले, तर कळवीपर्यंतचा सारा तोटा त्याचा. ओटीपी सांगितला की बहुतेक वेळा तो निष्काळजीपणाच मानला जातो. सांगता येईल असाच पुरावा निवडायचा आणि तो सांगितला म्हणून दोष द्यायचा, हे न्यायाचे म्हणता येणार नाही.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून कार्ड कंपन्यांनी वेगळा नियम केला. बनावट कार्डाच्या व्यवहारात बँक आणि दुकानदार यांपैकी ज्याने चिपची सोय केली नसेल, त्याने तोटा सोसावा. त्यानंतर दुकानांत चिपची यंत्रे झपाट्याने आली. आपल्या रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेले आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरविलेले निर्देश याच दिशेचे आहेत. दोन घटक हवेत, एक फुटला तरी दुसरा शाबूत राहावा, आणि निर्देश न पाळल्यामुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास बँकेने ते कुरकुर न करता पूर्ण भरून द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. मान्य घटकांच्या यादीत ओटीपी आहेच. पण प्रत्यक्ष कार्डाचाही उल्लेख आहे. त्या उल्लेखाचा उपयोग करून घेणे बँकांच्या हाती आहे.

त्यासाठी नवे राष्ट्रीय कार्ड काढून हजारो कोटी खर्च करण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे २०१८ अखेर बदलून चिपची करण्याचे ठरले. ऑगस्ट २०२३ पर्यंत जनधन खाती पन्नास कोटींवर गेली होती आणि त्यांवर सुमारे चौतीस कोटी रुपे कार्डे दिली गेली होती. चिप अशा रीतीने घरोघर पोहोचलेलीच आहे. ती डब्यात पडून आहे. नव्या मोबाइलवर बँकेचे अॅप सुरू करताना, सिम बदलल्यावर, किंवा अनोळखी खात्यात मोठी रक्कम प्रथमच पाठविताना आकडे विचारण्याऐवजी कार्ड मोबाइलजवळ धरावयास सांगता येईल. ते वाचण्याची सोय अनेक मोबाइलमध्ये आहे. ज्यांच्याकडे तसा मोबाइल नाही, त्यांना एटीएमवर कार्ड घालून तीच संमती देता यावी. बँक मित्राकडे ठरावीक रकमेपुढे अंगठ्याच्या जोडीला कार्ड मागावे. कार्ड नसेल तर छोटी रक्कम अडवू नये. आणि सरकारी कचेऱ्यांनी ओळखपत्राच्या झेरॉक्स गोळा करण्याचा परिपाठ सोडून, मूळ कार्ड यंत्रावर तपासून ते परत करण्याचा शिरस्ता पाडावा.

यांपैकी एकही सूचना अवघड नाही. अवघड आहे ती सवय मोडणे. ओळखपत्र म्हणजे छायाप्रत काढून फायलीस लावण्याचा कागद, ही समजूत शाळेच्या पहिल्या अर्जापासून पेन्शनच्या शेवटच्या अर्जापर्यंत आपल्या अंगवळणी पडली आहे. ती टिकेल तोवर कार्डात कितीही चांगली चिप बसविली, तरी चोराला चिपशी झुंजावेच लागणार नाही. तिच्यावर छापलेले आकडे त्याला पुरेसे होतील.